वाचकांचे प्रश्न : नामिबच्या खडीच्या रस्त्यावर

मागच्या अंकात नामिबियाच्या वाळवंटातल्या गाडीप्रवासावर लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. हॉटेलं आणि विमानाची तिकिटं यांविषयीची पत्रं बाजूला ठेवली आहेत, कारण ती माहिती सतत बदलत असते. प्राणी, वाळू, पाणी आणि रस्ता एवढ्यावरच आज बोलते.

प्रश्न : ताई, राजधानी विंडहूकला गाडी भाड्याने घेऊन सोसुसफ्लेईच्या वाळूच्या टेकड्या, तिथून किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड शहर आणि शेवटी एटोशाचं राष्ट्रीय उद्यान असा बेत आहे. बरोबर नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत. नकाशात मधे काहीच दिसत नाही. मुलं कंटाळतील का? मधला टप्पा छोट्या विमानाने उरकावा का?

उत्तर : विमानाचा विचार मनातून काढून टाका. तुम्ही ज्याला मधला टप्पा म्हणताय, तोच खरा पाहण्यासारखा आहे.

विंडहूक उंच पठारावर आहे. तिथून पश्चिमेकडे निघालात की पठाराची कड येते आणि तिथून रस्ता खाली वाळवंटात उतरतो. उतरायला दोन-तीन घाट आहेत. त्यांतला स्प्रीट्सहूख्ते मला सगळ्यांत आवडतो. तो फार उभा आहे, कॅराव्हॅन घेऊन उतरायला तिथे बंदी आहे, आणि चालवणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर दुसरा सोपा घाट निवडावा. पण माथ्यावर गाडी कडेला लावून मुलांना खाली उतरवा. जवळजवळ हजार मीटर खाली पिवळसर गवताची मैदानं, त्यांतून वर आलेले एकटे डोंगर आणि पार क्षितिजापर्यंत घर नाही, खांब नाही. पाय निघत नाही तिथून.

खाली आल्यावर मुलांना घरटी मोजायला सांगा. कॅमलथॉर्न नावाच्या बाभळीवर, कधी टेलिफोनच्या खांबावरसुद्धा, गवताची अख्खी गंजी अडकवून ठेवल्यासारखं काहीतरी दिसेल. ते सोशेबल वीव्हर या चिमणीएवढ्या पक्ष्याचं सामायिक घरटं. एकात शंभराहून जास्त पक्षी राहू शकतात, प्रत्येक जोडीची खोली वेगळी, दारं सगळी खालच्या बाजूने. पिढ्यान्‌पिढ्या तेच घरटं वाढवत नेतात. झाडाखाली उभं राहून वर बघितलं की गोल भोकांची रांगच दिसते आणि आतून सारखा चिवचिवाट ऐकू येतो. पण खाली उभं राहण्याआधी जमिनीवर आणि फांद्यांवर नीट नजर टाका. अंडी आणि पिल्लं खायला केप कोब्रा या घरट्यांत चढतो. पिग्मी फाल्कन नावाचा मुठीएवढा ससाणा याच घरट्यातली एखादी खोली बळकावून राहतो. तो बाहेर बसलेला दिसला तर दुर्बीण लगेच काढा.

पुढे ऑरिक्स ही मोठी हरणं दिसायला लागतात. भर दुपारी, सावलीचा ठिपका नाही अशा जागी हा प्राणी शांत उभा असतो. काळा-पांढरा चेहरा, सरळ भाल्यासारखी शिंगं, नराला आणि मादीलाही. घाम गाळून अंग थंड ठेवायचं तर पाणी खर्च होतं, म्हणून तो अंग तापू देतो, पार चाळीस अंशांच्या वर. मेंदूला मात्र ती झळ लागू देत नाही. नाकातून परतणारं गार झालेलं रक्त मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांच्या जाळ्याजवळून जातं आणि वर जाणारं रक्त थंड करतं. रात्र पडली की साठलेली उष्णता हवेत सोडून देतो. नामिबियाच्या राजचिन्हावर दोन्ही बाजूंना ऑरिक्स उभे आहेत, आणि तो मान त्यांना शोभतो.

सॉलिटेअर या छोट्या वस्तीत पेट्रोल भरा, गरज नसली तरी भरा. तिथून सी-१४ रस्त्याने वॉल्व्हिस बेकडे निघालात की मकरवृत्ताची पाटी लागते, मग गाउब आणि कुइसेब हे दोन घाट. इथल्या कडेकपारींत हार्टमनचे डोंगरी झेब्रे असतात. पोटावर पट्टे नसतात आणि गळ्याखाली कातडीची लोंबती घडी असते, त्यावरून ओळखा. कुइसेबच्या याच घळीत हेन्नो मार्टिन आणि हर्मान कोर्न हे दोन जर्मन भूशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात नजरकैद चुकवण्यासाठी १९४० ते १९४२ या काळात लपून राहिले होते. सोबत एक कुत्रा. शिकार करून, डबक्यांतलं पाणी पिऊन त्यांनी दोन वर्षांहून जास्त काळ काढला. तेरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट घळीच्या काठावरच सांगा, आधी नको.

प्रश्न : किनाऱ्याजवळ वर्षाला जेमतेम वीस मिलिमीटर पाऊस, असं तुम्ही लिहिलं होतं. मग हे सगळं जगतं कशावर?

उत्तर : मुख्यतः धुक्यावर. कीटक हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे या उत्तराला जरा जास्त जागा घेते.

नामिबच्या किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह उत्तरेकडे वाहतो. समुद्रावरची दमट हवा त्या थंड पाण्यावरून येताना गार होते आणि धुकं तयार होतं. गार हवा खाली आणि गरम हवा वर अशी उतरंड बसल्यामुळे ढग वर चढू शकत नाहीत, म्हणून पाऊस नाही. म्हणजे ज्या प्रवाहाने हे वाळवंट केलं, तोच त्याला पाणीही पाजतो. किनाऱ्यालगत वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुकं असतं. कुइसेबच्या काठावर गोबाबेब नावाचं संशोधन केंद्र आहे, १९६२ पासून चालू असलेलं. ते समुद्रापासून साठेक किलोमीटर आत आहे, आणि तिथवरही धुकं पोचतं.

तिथल्या टेकडीच्या धारेवर पहाटे बसायची संधी मला मिळाली आहे. थंडी मी म्हणत होती, कपाळावरचे केस ओले झाले होते, समोरचं वीस पावलांवरचं दिसत नव्हतं. उजाडता उजाडता वाळूतून काळे भुंगेरे वर यायला लागले, बोटाच्या पेराएवढे, लांब पायांचे. ऑनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस त्यांचं नाव. एरवी हा दिवसाउजेडी फिरणारा किडा, अशा थंडीत तो वाळूखालीच असायला हवा. पण धुकं पडलं की तो टेकडीच्या धारेवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि डोकं खाली, ढुंगण वर करून थांबतो. मी अगदी पोटावर पडून भिंगातून पाहिलं. आधी पाठीवर नुसती ओलसर तकाकी येते. मग बारीक कण एकमेकांत मिसळतात, थेंब जड होतो, पाठीवरून ओघळत डोक्यावर येतो आणि तोंडाशी थांबतो. जबडे हलायला लागतात. भुंगेरा पितो आहे हे स्पष्ट दिसतं. १९७६ साली विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी असे भुंगेरे धुक्याआधी आणि धुक्यानंतर तोलले, तेव्हा काहींचं वजन एक तृतीयांशाने वाढलेलं भरलं. एका सकाळच्या पिण्यात!

लेपिडोकोरा नावाचा दुसरा भुंगेरा पाठीचा उपयोग करत नाही. तो वाळूवर बारीक चर खणतो. चराच्या उंच कडा आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त ओल धरतात आणि तो त्याच चरावरून परत फिरत ओल शोषून घेतो. पेरिंग्वेचा फुरसं-वर्गातला छोटा साप स्वतःच्या खवल्यांवर जमलेलं धुकं चाटतो. याचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात, म्हणजे सगळं अंग वाळूत पुरून नुसते डोळे बाहेर ठेवता येतात.

धुक्याच्या जोडीला जमिनीखालचं पाणी आहे. कुइसेबचं पात्र बहुतेक दिवस कोरडं असतं, पण वाळूखाली ओल असते. तिथे नारा नावाचं झुडूप वाढतं. पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काट्यांवरच सगळा कारभार, आणि मुळं खूप खोल गेलेली. त्याची काटेरी फळं हे टोपनार लोकांचं पिढीजात अन्न. एका टोपनार आजींना मी नारा शिजवताना पाहिलं. पिवळा गर लोखंडी भांड्यात रटरटत होता, बिया सुट्या झाल्यावर त्यांनी त्या गाळून घेतल्या आणि राहिलेला दाट रस पसरून वाळायला ठेवला. वाळल्यावर त्याची चिवट पोळी होते आणि ती कितीतरी महिने टिकते. बिया त्यांनी मला मूठभर दिल्या, चव बदामाच्या जवळ जाणारी.

पाणवठ्यावर सकाळी सँडग्राउस पक्ष्यांचे थवे उतरतात. तेव्हा नराकडे लक्ष ठेवा. तो पोटापर्यंत पाण्यात बसतो आणि पिसं भिजवून घेतो. त्या पिसांची घडण अशी की पाणी धरून राहतं. मग उडत कित्येक किलोमीटरवरच्या पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात.

हे छोटे जीव स्वतःहून सापडणं कठीण असतं. स्वाकोपमुंडहून स्थानिक वाटाडे अर्ध्या दिवसाची वाळवंट-फेरी नेतात, ती घ्याच. वाळूवरचा माग बघून ते नेमक्या जागी हात घालतात आणि पारदर्शक कातडीची, पडदेदार पायांची पाल अलगद बाहेर काढतात, दाखवून परत तिथेच सोडतात.

प्रश्न : सोसुसफ्लेईची वाळू लाल का? आणि तिथे सूर्योदयाला जावं की सूर्यास्ताला?

उत्तर : वाळूच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर आहे. समुद्राजवळची वाळू फिकट असते, आत जावं तसा रंग गडद होतो. ही वाळू मूळची इथली नाहीच. ऑरेंज नदी लेसोथोच्या डोंगरांतून ती अटलांटिकपर्यंत आणते, समुद्राच्या लाटा आणि प्रवाह ती किनाऱ्याने उत्तरेकडे ढकलतात आणि वारा उचलून आत नेतो. २०१३ साली युनेस्कोने या वाळूच्या समुद्राला जागतिक वारसा म्हटलं, त्यामागे धुक्यावर जगणारं जीवन आणि वाळूचा हा दूरचा प्रवास ही मोठी कारणं होती. उत्तरेकडे ही वाळू कुइसेबपाशी थांबते. कधीतरी येणारा पूर पात्रात घुसलेली वाळू धुऊन नेतो, म्हणून नदीच्या दक्षिणेला लाल टेकड्या आणि उत्तरेला सपाट खडीचं मैदान. एका कोरड्या नदीने सीमा आखली आहे हे पाहायला त्या काठावर जरूर थांबा.

वेळेचं म्हणाल तर सकाळ. सोसुसफ्लेईला जायचा रस्ता सेसरिमहून आत जातो, तिथलं बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. आतल्या तळावर मुक्काम असेल तर त्याच्या साधारण तासभर आधी निघता येतं, म्हणून मुक्काम आतच करा. तिथून साठ किलोमीटर डांबरी रस्ता, शेवटचे चार-पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू. साधी गाडी असेल तर ती डांबर संपतं तिथे ठेवा आणि फेरीच्या गाडीने पुढे जा. पंचेचाळिसाव्या किलोमीटरवरच्या ‘ड्यून ४५’ या टेकडीवर सगळे गर्दी करतात. मी मात्र सरळ डेडफ्लेई हे मेलेल्या झाडांचं कोरडं तळं गाठते. त्साउखाब नदीचं पाणी इथवर यायचं, तेव्हा कॅमलथॉर्नची झाडं वाढली. मग टेकड्यांनी वाट अडवली आणि सुमारे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी झाडं मेली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत, उन्हाने काळी पडून उभी आहेत. त्यांच्यावर चढू नका, टेकू नका, फांदी तोडू नका. दहाच्या आत परत फिरा. त्यानंतर वाळू पायाला चटके देते, आणि माणशी निदान दोन लिटर पाणी जवळ नसेल तर चालायला सुरुवातही करू नका.

प्रश्न : साध्या गाडीने जमेल का? खडीच्या रस्त्यावर चालवण्याचा सराव नाही.

उत्तर : तुम्ही लिहिलेला मार्ग कोरड्या हंगामात साध्या गाडीने जमतो. तरी मी उंच, दोन जादा चाकं असलेली गाडी घ्यायला सांगेन. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, तेवढी एक सोय.

नामिबियात परक्या प्रवाशांचा जीव सहसा सिंहाने जात नाही, गाडी उलटून जातो. रस्ता रुंद, सरळ, रिकामा. काटा नकळत शंभरावर जातो, पुढे खडीचा सैल पट्टा येतो, माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवतो, आणि गाडी कोलांटी खाते. म्हणून खडीवर ऐंशीच्या वर जायचं नाही, वळणावर त्याहून बरंच कमी. घसरायला लागलं तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकला हात-पाय लावू नका. समोरून ट्रक आला तर धुळीत काही दिसत नाही, तेव्हा आधीच वेग कमी करून डावीकडे सरका. चाकांत हवा किती ठेवायची ते गाडी देणाऱ्याकडून डांबर, खडी आणि वाळू अशा तिन्हींसाठी लिहून घ्या. विम्याचा कागद तिथेच उभं राहून वाचा. दुसऱ्या गाडीचा संबंध नसताना उलटलेली गाडी पुष्कळदा त्यात बसत नाही.

सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. कुडू हरीण दिव्याच्या झोतात उडी मारतं, आणि त्याचं वजन दोनशे किलोच्या वर असू शकतं. मुक्काम गाठायला उशीर होतोय असं वाटलं तर दुपारीच बेत बदला.

पैशांचं कोणीतरी विचारलं आहे. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच, रँड तिथे चालतो. थोडी रोकड जवळ असू द्या, आडगावच्या पंपावर कार्डाचं यंत्र बंद असतं.

प्रश्न : वाळवंटातले हत्ती बघायचेत. कुठे नक्की दिसतील?

उत्तर : नक्की कुठेच नाही, आणि तसं वचन देणाऱ्यापासून लांब राहा.

वायव्येला कुनेने भागात उगाब, हुआब, होआनिब या कोरड्या नद्यांच्या पात्रांत ते फिरतात. ही हत्तींची वेगळी जात नव्हे, आफ्रिकेतला नेहमीचाच हत्ती, पण कोरड्या मुलखात कसं जगायचं हे त्यांना आईकडून शिकायला मिळालं आहे. पाण्याशिवाय ते काही दिवस काढतात, पात्रातल्या वाळूत पायाने आणि सोंडेने खड्डा करून पाणी काढतात. आना नावाच्या झाडाच्या वळलेल्या शेंगा त्यांना फार प्रिय. ट्वायफेलफोंटेनच्या आसपास मुक्काम केलात तर तिथल्याच वाटाड्याबरोबर पहाटे निघा. स्वतःची गाडी पात्रात घालू नका. वाळूत रुतलात आणि समोरून कळप आला तर मागे जायला वाट नसते, आणि वर डोंगरात पाऊस झाला तर निरभ्र आकाशाखाली पूर येतो.

मला या भागाबद्दल विशेष जिव्हाळा आहे तो तिथल्या माणसांमुळे. हत्ती रात्री येऊन पाण्याची टाकी फोडतो, भाजीचा वाफा तुडवतो, आणि तरीही ती माणसं त्याला राहू देतात. १९९६ च्या कायद्याने गावांना स्वतःची संरक्षित क्षेत्रं करून प्राण्यांपासून येणारं उत्पन्न ठेवण्याचा हक्क मिळाला. आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रं आहेत. म्हणून त्या गावच्या लोकांनी चालवलेल्या तळावर राहा आणि वाटाड्याही तिथलाच घ्या. पैसा तिथेच जायला हवा.

हत्ती बघायचेच असतील तर एटोशा आहे. ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. बाकावर जाकीट घालून, न बोलता बसा. हत्ती येतात, आणि उशिरा काळा गेंडाही येतो. दोन-तीन तास बसायची तयारी ठेवा, वीस मिनिटांत उठणाऱ्यांना काही दिसत नाही.

प्रश्न : वेल्विचिया या वाळवंटी वनस्पतीजवळ फोटो काढायला गाडी रस्त्यावरून थोडी बाजूला घेतली तर चालेल का? मैदान तर मोकळंच असतं.

उत्तर : नाही. दोन फूटसुद्धा नाही.

ते मैदान मोकळं नाही. गाडीतून उतरा आणि गुडघ्यांवर बसा. खड्यांवर राखाडी, नारिंगी, काळसर असे पापुद्रे दिसतील. ते दगडफूल आहे, जिवंत आहे, धुक्यावर वाढतं आणि अतिशय हळू वाढतं. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन चार थेंब त्यावर सोडा, काही मिनिटांत मिटलेला पापुद्रा उलगडतो आणि हिरवट होतो. त्यावरून चाक गेलं की तो चुरा होतो, आणि ती चाकोरी कित्येक दशकं तशीच राहते. किनाऱ्याजवळच्या अशाच खडीवर डमारा टर्न हा दुर्मीळ सुरय पक्षी उघड्यावर अंडं घालतो. ते खड्यांत इतकं मिसळून जातं की गाडीतून दिसणं शक्यच नाही.

वेल्विचियाला जन्मभर दोनच पानं असतात. बुंध्याशी वाढत राहतात, टोकाशी वाऱ्याने फाटत राहतात, म्हणून ढिगारा दिसतो. १८५९ साली फ्रीडरिख वेल्विच यांना ही वनस्पती अंगोलात पहिल्यांदा भेटली. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. मुळाभोवती चालू नका, दुरूनच नर की मादी ते ओळखा, मादीचे शंकू मोठे असतात. स्वाकोपमुंडजवळच्या वेल्विचिया मार्गासाठी परवाना लागतो, तो शहरातूनच आधी काढून घ्या.

प्रश्न : केप क्रॉसच्या सीलच्या वसाहतीत वासाने उभं राहवत नाही असं ऐकलं. सासूबाईंना न्यावं का?

उत्तर : वास भयंकर असतो, खरं आहे, आणि कपड्यांना धरतो. तरी त्यांची इच्छा असेल तर न्या. लाकडी पायवाट आहे, चढउतार फारसा नाही, आणि हजारो केप फर सील अगदी हाताच्या अंतरावर असतात, ओरडत, भांडत, पिल्लांना हाका मारत. पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मतात, तेव्हा कोल्हेही वसाहतीत घुसतात. नाजूक मनाच्या माणसाला ते बघवत नाही, त्यामुळे तो काळ टाळा. दिओगो काओ या पोर्तुगीज दर्यावर्दीने १४८६ मध्ये तिथे दगडी क्रूस उभारला, त्याची प्रतिकृती बघायला मिळते. नाकाला लावायला रुमाल आणि अंगावर वाऱ्याचं जाकीट असू द्या. स्वाकोपमुंडहून अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे, सकाळचं धुकं थोडं विरळ झाल्यावर निघा आणि उजेड आहे तोवर परत या.